कितवी खेप

"टेन्शन घेऊ नको" असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं सणकतं. पोटुशी बाई दिसली की हे वाक्य फुकटात वाटायची प्रत्येकाला हौस असते. रिक्षावाला म्हणतो, बिल्डिंगचा वॉचमन म्हणतो, जिन्यात भेटलेली बाई म्हणते. साकीनाक्याला ज्या गाळ्यात मी एलईडी बल्ब जोडायचे, तिथला शेठ तर एका दमात म्हणायचा, "टेन्शन मत ले, और ये दोनों पेटी शाम तक पॅक होनी चाहिए." अरे, मग टेन्शन घेऊ नको तर काय घेऊ? तुझी पेटी घेऊ?

माझं तोंड असंच आहे. लग्नाआधी मुलुंडला आई म्हणायची, ही सासरी चार दिवस टिकणार नाही. टिकले. सासू माझ्यापेक्षा वरचढ निघाली म्हणून टिकले.

आम्ही मानखुर्दला राहतो. एक खोली, एक किचन, वरचा मजला, लिफ्ट बहुतेक वेळा बंद. गंमत म्हणजे नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला. मुलुंड-घाटकोपरच्या टॉवरांमधल्या लिफ्टी तो चालू ठेवतो आणि घरी त्याची बायको पोट धरून जिने चढते. वारा फिरला की माहुलच्या रिफायनऱ्यांच्या बाजूने वास येतो, गॅसचा की तेलाचा ते कळत नाही, पण घशात बसतो. खिडक्या लावल्या तर जीव घुसमटतो, उघडल्या तर वास. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी ओढणी नाकाला लावून झोपायचे. वाटायचं, मी जो श्वास घेते तोच त्याला जातोय.

हो, दुसऱ्या वेळी. पहिलं गेलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून मी मुलुंडला आईकडे गेले होते. नाव तिथल्याच एका छोट्या नर्सिंग होममध्ये घातलं होतं. माझं डोकं दुखायचं, पाय सुजायचे, चप्पल पायात जायची नाही. सगळ्या म्हणाल्या, पहिलटकरणीला असं होतंच. आठव्या महिन्यात एक दिवस सकाळपासून बाळ हललंच नाही. दुपारी मला नर्सिंग होममध्ये नेलं आणि संध्याकाळी डॉक्टरांनी माझ्याशी बोलायचं सोडून माझ्या आईशी बोलायला सुरुवात केली. मला तिथेच कळलं.

मुलगी होती, एवढं कुणीतरी म्हणालं. मला दाखवली नाही. फडक्यात गुंडाळून भाऊ आणि नवरा घेऊन गेले. कुठे पुरली, ते मला आजतागायत माहीत नाही. आईला सांगायचं नसतं म्हणे. नवऱ्याला मी किती वेळा विचारलं, तर तो मान खाली घालून मोबाईल बघत बसायचा. त्याच्यावर मी ओरडले, रडले, एकदा ताट फेकलं. पण तो बोलला नाही.

सासू मात्र बोलली. तिने एकच सांगितलं आणि ते सगळ्यांना लागू केलं. "गेलेल्याचा नाव काढूचा नाय. ता ऐकता. एकट्याक करमत नाय त्याका, मगे दुसऱ्याक बोलवता." ती मालवणकडची. सासरे गिरणीत होते तेव्हा ती मुंबईत आली. गिरणी गेली, सासरे गेले, पण बोली गेली नाही आणि असल्या समजुतीही गेल्या नाहीत. तिचं स्वतःचं एक मूल असंच गेलं होतं, माझ्या नवऱ्याच्या आधी. हे मला नवऱ्याच्या आत्याकडून कळलं. सासूच्या तोंडून त्याचा शब्द मी कधी ऐकला नाही. म्हणजे नियम ती फक्त मला लावत नव्हती, स्वतःलाही लावून बसली होती. म्हणून तिच्याशी भांडताही येईना.

बाई वाईट नाही हो. मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिने मला चुलीसमोर, म्हणजे गॅससमोर, उभं राहू दिलं नाही. सकाळी पेज, वर खोबऱ्याची चटणी. रात्री माझे पाय मांडीवर घेऊन तेल लावायची. नको म्हटलं तर डोळे वटारायची, "गप ऱव. पोटातल्याक होया ता." आणि कुणी शेजारीण "कितवा महिना?" विचारायला लागली की दोन महिने कमी करूनच सांगायची.

तिसऱ्या महिन्यात आम्ही पालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घालायला गेलो. या वेळी माहेर नको, असं सासूनेच ठरवलं होतं. त्या घराचं दार आता बाळंतिणीला लाभायचं नाही, असं तिचं म्हणणं. मीही हो म्हणाले. मुलुंडच्या त्या नर्सिंग होमच्या रस्त्याने जायची माझ्यात ताकद नव्हती.

सकाळची गर्दी. बाकड्यांवर बायका, बायकांच्या मांडीवर आधीची पोरं, पंख्याखालच्या जागेसाठी धुसफूस. टेबलाशी एक सिस्टर बसल्या होत्या, चाळिशी ओलांडलेल्या, जाड चष्मा, आवाज असा की पार गेटवर ऐकू जावा. त्यांनी वर न बघता विचारलं, "कितवी खेप?"

मी तोंड उघडायच्या आत माझ्या खांद्यामागून सासू म्हणाली, "पयलीच."

मी मागे वळून बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. हात जोडून ती भिंतीवरच्या कसल्यातरी पोस्टरकडे बघत होती, ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असावी.

एरवी शेठला, वॉचमनला, रिक्षावाल्याला ऐकवणारी मी, त्या दिवशी गप्प बसले. कारण खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटलं. एवढ्या गर्दीत, मोठ्या आवाजात कुणीतरी म्हणालं की पहिलीच. म्हणजे काही झालंच नाही. मी नवी कोरी. मला ते हवं होतं.

सिस्टर म्हणाल्या, "पहिलटकरीण. बरं. वजन करा."

मग सुरू झाले माझे खरे हाल. दिवसा गाळ्यात बरी असायचे. हात चालू असले की डोकं कमी चालायचं, म्हणून मी काम सोडलं नाही. पण बसमध्ये बसले, अंघोळीला गेले, जेवायला बसले की तेच. आज हललं का? काल जास्त हललं होतं का? पाय सुजलेत का? हे डोकं उन्हाने दुखतंय की तेच आहे? जेवण तोंडात फिरत राहायचं. आणि हे कुणाला सांगायचं? घरात तो विषयच नव्हता. जे झालंच नाही, त्याची भीती कशी वाटेल?

नवऱ्याने मोबाईलवर कसलंसं ॲप घेतलं होतं. दर आठवड्याला ते सांगायचं की बाळ आता लिंबाएवढं झालं, आता आंब्याएवढं. तो मला हसत हसत वाचून दाखवायचा. मला तेव्हा त्याचा गळा दाबावासा वाटायचा. पहिलीच्या वेळीही आपण असंच काहीतरी मोजत होतो ना रे, असं मला म्हणायचं असायचं. मी म्हणायचे, "ठेव तो फोन." तो म्हणायचा, "टेन्शन नको ना घेऊ यार."

पाचव्या महिन्यापासून माझं प्रेशर वर जायला लागलं. सिस्टर पट्टा बांधायच्या, फुस फुस हवा भरायच्या, आकडा बघायच्या, परत बांधायच्या. सासू माझ्या डोक्यावरून हात फिरवत बाजूला उभी. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, आराम करा, पुढच्या आठवड्यात या.

सहाव्या महिन्यातल्या एका तपासणीला सिस्टरनी पट्टा सोडला आणि सासूला म्हणाल्या, "मावशी, जरा मागच्या गल्लीतल्या मेडिकलमधून कापसाचा रोल घेऊन या. मोठा. इथला संपलाय."

सासू पिशवी काढून निघाली. ती गेटबाहेर गेल्यावर सिस्टरनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. कपाट उघडलं तर आत कापसाच्या रोलची थप्पी लागलेली. मी बघतच राहिले.

"सासवा, नणंदा, नवरे, सगळ्यांना मी तिकडेच पाठवते," त्या म्हणाल्या. "त्या मेडिकलवाल्याचं चाललंय माझ्यामुळे. बस. आता बोल. काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही तर प्रेशर का उतरत नाही? घरी मारतात?"

"नाही हो! काहीतरीच काय!"

"मग?"

मी म्हटलं, भीती वाटते. म्हटलं आणि वाट बघितली, आता ही म्हणेल टेन्शन घेऊ नको. म्हणजे मी उठून जायला मोकळी.

त्या म्हणाल्या, "मग वाटणारच. घे की टेन्शन. कुणी नाही म्हटलंय? फक्त एकटी घेऊ नकोस. इथे येऊन घे. माझ्यासमोर घे."

मी रडायला लागले ते थांबेचना. नाक, डोळे, सगळं वाहतंय आणि मी सांगतेय. मुलुंड, आठवा महिना, फडकं, सगळं. पहिल्यांदाच कुणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत होते. त्या मध्ये बोलल्या नाहीत. फक्त एकदा विचारलं, "बघितलीस का तिला?" मी नाही म्हटलं. त्यांनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

मग विचारलं, "तेव्हा प्रेशर वाढलं होतं? पाय सुजलेले? बाळाचं वजन कमी होतं?"

"हो. तिन्ही."

त्यांनी डाव्या हाताच्या बोटांवर अंगठा फिरवत काहीतरी मोजलं. माझं लक्ष होतं, पण मला वाटलं तारखेचं मोजतायत. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. चल, डॉक्टरांना आत्ता सांगू." त्याच दिवशी डॉक्टरांनी एक नवी बारीक गोळी सुरू केली, प्रेशरची दुसरी दिली, सोनोग्राफी लवकरची दिली. सासू कापसाचा रोल घेऊन आली तेव्हा मी तोंड धुऊन बाकड्यावर बसले होते.

पुढचे दोन महिने मी त्या बाईच्या आधारावर काढले, हे मी शंभर वेळा सांगेन. त्या मूळच्या लातूरकडच्या, घाटकोपरला राहायच्या. बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी डब्यातून खीर आणली होती, ती झाकणात ओतून मला समोर बसवून खायला लावली. त्यांनी मला सांगितलं, हललं नाही असं वाटलं की डाव्या कुशीवर पड, काहीतरी खा, वाट बघ, तरी नाही हललं तर नंबर लावायचा नाही, सरळ माझ्याकडे यायचं. रोज आलीस तरी चालेल. मी खरंच आठवड्यातून तीनदा जायचे. कधी नुसती भीती वाटली म्हणून. त्या ओरडायच्या बाकीच्या बायकांवर, "तिला जाऊ दे गं आत, तिचं वेगळं आहे." मशीन पोटावर फिरवलं की घोडा पळाल्यासारखा आवाज यायचा, टपटप टपटप. तो आवाज ऐकला की मी दोन दिवस जगायचे.

एकदा त्यांनी नवऱ्यालाही पकडलं. कापसाला नाही पाठवलं. उलट मला बाहेर बसवलं आणि त्याला आत घेतलं. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. घरी जाताना शेअर रिक्षात तो एकदम म्हणाला, "तिचे केस खूप होते." एवढंच. मी त्याचा हात धरला. ते ॲप त्याने काढून टाकलं.

माझं प्रेशर मात्र ऐकायला तयार नव्हतं. खाली यायचं, परत वर. सोनोग्राफीत दर वेळी बाळ मागे पडत चाललेलं. मी सिस्टरना विचारायचे, "होईल ना नीट?" त्या कधी हो म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, "मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मी आहे, एवढं सांगते." मला राग यायचा. हो म्हणायला काय जातं हिचं? पण परत परत जायचे तिच्याकडेच.

आठवा लागला. एका सकाळी सासूने पेज वाढली आणि मला कळलं की रात्रीपासून काही हललेलं नाही. डाव्या कुशीवर पडले. गूळ खाल्ला. वाट बघितली. मग नवऱ्याला म्हटलं, रिक्षा आण.

सिस्टरनी मला बघितलं आणि समोरच्या बाईचं वजन अर्धवट सोडून उठल्या. मशीन फिरवलं. टपटप होती, पण दमलेली. एक, मग थांबून एक. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलला न्यायला सांगितलं, ॲम्ब्युलन्स मागवली. सिस्टरची ड्युटी होती, त्यांना जायची गरज नव्हती. तरी टेबल दुसरीच्या ताब्यात देऊन त्या माझ्याबरोबर आत चढल्या. नवरा पुढे बसला. रस्ता सगळा खोदलेला, ट्रॅफिक तुंबलेलं. मी त्यांच्या मनगटावर नखं रुतवली होती. त्या म्हणत होत्या, "मी आहे. मी आहे."

मोठ्या हॉस्पिटलात मशीन लावलं तेव्हा काहीच आवाज आला नाही. त्यांनी दुसरं मशीन आणलं. मग कुणीतरी स्क्रीन माझ्यापासून पलीकडे फिरवली.

परत तेच. परत तीच जागा. मी ओरडले नाही, काही नाही. मला फक्त खूप दमल्यासारखं झालं.

कळा आणायची औषधं लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. पुन्हा मुलगी. आया फडक्यात गुंडाळून न्यायलाच लागली होती, तेवढ्यात सिस्टर आल्या, आपली ड्युटी संपवून, पांढऱ्या गणवेशातच. गणवेश बघून तिथल्या सिस्टरनी त्यांना आत सोडलं होतं. त्या आयाला म्हणाल्या, "थांब. आईला बघू दे." आया म्हणाली, "कशाला उगाच, तिला त्रास." सिस्टर म्हणाल्या, "त्रास झालाच आहे. दे इकडे."

त्यांनी ती माझ्या कुशीत दिली. फडकं उघडून दाखवलं. एवढीशी. नखं होती. भुवया होत्या. नवऱ्याचं नाक. केस हिलाही खूप. मी तिचा पाय हातात धरून ठेवला. सिस्टरनी पडदा ओढला आणि पाठ करून उभ्या राहिल्या, कुणी येऊ नये म्हणून. किती वेळ, माहीत नाही. कुणी मला घाई केली नाही. याहून जास्त माझ्यासाठी कुणी काही केलेलं नाही, आणि तरी त्याने काही झालं नाही. मुलगी मेलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा राउंड आला. मोठे डॉक्टर, मागे शिकाऊ पोरं. मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ मुलीला विचारलं, "आधीचंही असंच गेलेलं. मग ती गोळी सुरुवातीपासून का नव्हती? तिसऱ्या महिन्यात द्यायला हवी होती."

मुलगी म्हणाली, "सर, तिकडे नाव घातलं तेव्हा पहिलटकरीण म्हणून सांगितलं होतं. सहाव्यात कळलं. तेव्हा सुरू केली."

"सहाव्यात देऊन काय उपयोग," ते म्हणाले आणि पुढच्या कॉटकडे गेले.

मी छताकडे बघत पडले. मला सिस्टरची ती बोटं आठवली. बोटांवर फिरणारा अंगठा. तेव्हा त्या तारीख मोजत नव्हत्या, हुकलेले महिने मोजत होत्या.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला सिस्टर आधी आल्या, सासू यायच्या आत. त्या नीट बसायच्या आतच मी म्हटलं, "खरं सांगा. पहिल्यापासून गोळी दिली असती तर वाचली असती?"

त्या स्टूल ओढून बसल्या. "सगळ्यांचंच वाचतं असं नाही."

"असं नको बोलू! तू म्हणालीस खोटं बोलणार नाही!" तोंडातून एकेरीच आलं.

"कदाचित वाचली असती," त्या म्हणाल्या. "द्यायला हवी होती. आधी कळलं असतं तर दिली असती."

"आणि तुला सहाव्यापासून माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तुझं प्रेशर उतरलं असतं? घरी जाऊन तू सासूशी भांडली असतीस, आणि ते दोन महिनेही त्यातच गेले असते. जेवढं करता येत होतं तेवढं केलं गं. कमी पडलं."

मी तिला काय काय बोलले. कसली नर्स, कसला आधार, तुम्ही सगळे सारखेच, आम्हाला येड्यात काढता. आजूबाजूच्या कॉटवरच्या बायका बघायला लागल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.  नंतर माझ्या छातीकडे बघून हळूच म्हणाल्या, "दूध येईल, आज नाहीतर उद्या. घाबरू नको. घट्ट बांधायचं, पिळायचं नाही. सूज आली, ताप आला तर इथल्या सिस्टरना सांग. मी त्यांना बोलून ठेवलंय."

तेवढ्यात सासू आली. हातात डबा, पदर डोक्यावर. दोन रात्रींत ती म्हातारी दिसायला लागली होती. डबा कपाटावर ठेवून ती कॉटच्या कडेला उभी राहिली, बसलीसुद्धा नाही. मग एकदम सिस्टरपुढे हात जोडले.

"सिस्टर, आमचा काय चुकला? खरा सांगा माका. खाण्यात काय गेला? की त्या वासामुळे? माझ्या हातसून काय झाला?"

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. सांगायचं की नाही, ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

माझ्या जिभेवर होतं. सगळं तयार होतं, एकेक शब्द. तुम्ही म्हणालात पहिलीच. तुम्ही. खांद्यामागून. तुमच्या त्या समजुतीने माझी पोर खाल्ली. म्हातारीच्या जोडलेल्या हातांच्या नखांत खोबऱ्याचा कीस अडकलेला होता. आणि मला हेही माहीत होतं की मी तिथेच बसले होते, मला तोंड होतं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

"काही चुकलं नाही, आई," मी म्हटलं.

तिने सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनीही नाही अशी मान हलवली आणि उठून स्टूल तिच्याकडे सरकवलं.

सासू खाली स्टुलावर बसली. "मगे देवाच्याच मनात नव्हता," ती म्हणाली आणि रडायला लागली. पहिलीच्या वेळी ती रडली नव्हती, या वेळीही आतापर्यंत रडली नव्हती. भरपूर रडली. मग पदराने तोंड पुसलं, डबा उघडला, मला दोन घास भरवले. भेटायची वेळ संपत आली तेव्हा भिंतीला डोकं टेकून तिला झोप लागली. दोन रात्रींची जागी होती. सिस्टर निघताना तिला उठवायला गेल्या, तर मी म्हटलं, राहू दे.

ती घोरत होती. एवढी गाढ झोप मी तिला कधी लागलेली बघितली नव्हती. मी तिच्याकडे तोंड करून कुशीवर पडले होते, आणि माझा ब्लाऊज ओला व्हायला लागला होता.